आठवं दार

रबराची जुनी नळी उभी चिरायची आणि तिच्या कडेला ब्लेडनं दात पाडायचे. कंगवा होतो. त्यानं केस मात्र विंचरत नाहीत.

*

"दीड तास," तपासनीस म्हणाला. "दारानं आग दीड तास तरी अडवून धरली पाहिजे." आणि चहा न घेताच गेला.

*

एक मुलगी काचेला नाक लावून उभी आहे. माणसं आत, ती बाहेर. तिच्या श्वासाचा गोल काचेवर उमटतो, विरतो, परत उमटतो.

*

लाकडातली गाठ रंगात काढायला ब्रश लागत नाही. अंगठ्याला फडकं गुंडाळायचं, टेकवायचं, किंचित फिरवायचं.

*

बाथरूममध्ये व्हिनेगरचा वास. आई बाहेरून विचारते, "आत काय शिजवतेयस गं?"

आतून उत्तर येतं, "लाकूड."

*

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. गुण्या हा एक माणूसही आहे, आणि तोही तेच काम करतो.

पहिला हात

हे सगळं एकाच घरात कसं नांदत होतं, ते ऐका.

गुण्या हे काही त्या सुताराचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते कारखान्यातल्या लोकांनी ठेवलं. कुणाकडे जेवायला गेला आणि तिथली भिंत ओळंब्याला सरळ नसली, की हा तिच्याकडे पाठ करून बसायचा. घास घशाखाली उतरत नाही म्हणायचा. बायको त्याला घरात "अहो" म्हणायची, पण चिडली की तीही गुण्याच म्हणायची.

त्याला मुलगी एकच. तीन वर्षांची असताना ती कारखान्यात भुशाच्या ढिगावर लोळली आणि त्या रात्री तिचा श्वास असा अडकला, की आई तिला उचलून अनवाणी दवाखान्यात धावली. डॉक्टर म्हणाले, भुसा या मुलीच्या जवळ येता कामा नये. गुण्यानं दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दाराला काच बसवली. पोरीनं बाहेरून बघावं म्हणून. बापाचं काम पोरीला दिसलंच पाहिजे, हे त्याच्या मनात पक्कं होतं. ते तिला कधी करता येणार नाही, हेही तितकंच पक्कं झालं होतं.

कामगारांनी तिचं नाव खोकली ठेवलं. ती त्या काचेशी तासन्‌तास उभी राहायची. रंध्याखालून लाकूड उलगडायचं, आतली रेघ वर यायची, आणि खोकली जुन्या, गुळगुळीत झालेल्या पॉलिश पेपरच्या पाठीवर ती रेघ काढत बसायची. लाकडाचा वास तिला ठाऊक नव्हता. ताज्या फळीवरून हात फिरवल्यावर कसं लागतं तेही नाही. पण कुठली फळी बुंध्याजवळची, कुठली शेंड्याकडची, फांदी कुठं फुटली होती, हे ती काचेपलीकडून सांगायची. तिचं ऐकून कामगार हसायचे आणि हळूच फळी उलटून बघायचे.

मोठी झाल्यावर ती रंगारी झाली. आणि रंगाऱ्यांमध्येही असलं काम धरलं, की बापाचं डोकंच फिरलं. लोखंडाला, सिमेंटला, प्लायवूडच्या स्वस्त तक्त्यांना ती लाकडाचं रूप द्यायची. आधी अस्तर, मग व्हिनेगरमध्ये कालवलेला रंग, कारण तो चुकला तर ओल्या फडक्यानं पुसून परत काढता येतो. मग रबराचा कंगवा, मग अंगठा, मग वार्निश.

"लोखंडाला लाकडाचं सोंग," गुण्या म्हणाला होता. "उद्या दगडाला पावाचा रंग दे आणि वाढ मला ताटात."

"तुम्ही दात लावून बघाल, मला माहीतय," ती म्हणाली.

त्यावर आई हसली. गुण्या हसला नाही. खोकलीनं रंगवलेल्या एकाही जागी त्यानं त्यानंतर पाय ठेवला नाही. हॉटेल असो, दवाखाना असो, रस्ता बदलायचा.

आता गुण्याची एक सवय सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. कारखान्यात एखादं काम पुरं झालं, की तो त्याभोवती एक चक्कर मारायचा. पसंत नसेल तर बोटाचं पेर वाजवून एकेक खोड काढायचा. पसंत असेल तर बोलायचा नाही. उजवा तळहात त्यावर सपाट ठेवायचा, जरा वेळ, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि निघून जायचा. कामगार म्हणायचे, हात लागला. काहींना तो हात आयुष्यात दोनदा लागला होता आणि ते त्याची आठवण म्हातारपणीही काढायचे.

खोकलीला तो हात हवा होता. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, छे, मला कशाला, माझी गिऱ्हाइकं मला उचलून धरतात. ते खरंच होतं. तिला मोठमोठी कामं मिळत होती, चाळिशी ओलांडली होती, हाताखाली दोन बायका होत्या. तरी प्रत्येक काम संपलं की ती चार पावलं मागं सरायची आणि नकळत बाजूला बघायची. कुणी चक्कर मारतंय का.

दुसरा हात

वाचनालयाच्या मोठ्या दालनाला आठ दारं होती. आठही गुण्यानं केलेली, ऐन उमेदीत, अस्सल सागवानात. शहरात कुणी त्याचं नाव काढलं की पुढच्या वाक्यात ती दारं यायचीच.

तपासनिसाच्या दीड तासामुळं ती उतरवायची ठरली. त्यांच्या जागी लोखंडी दारं येणार होती. वाचनालयाच्या चिटणीसबाईंना मात्र दालनाचं रूप बदलायचं नव्हतं. "आमच्या वाचकांना कळता कामा नये," त्या खोकलीला म्हणाल्या. "ते इथं तीस-तीस वर्षं येतायत. खुर्ची हलवली तरी तक्रार करतात."

खोकलीनं काम घेतलं आणि घरी जाऊन सांगितलं. गुण्या ताटावरून उठला नाही, एवढंच. 

"सगळी?" त्यानं विचारलं.

"सात. वर्तमानपत्रांच्या खोलीचं राहणारय."

"ते काढलं तर मला पाहिजे. भंगारात नाही द्यायचं."

"मी सांगते त्यांना."

"बाकीची सात तू रंगव. रंगवून रंगवून लोकांना फसव." एवढं बोलून तो उठला.

पुढं झालं असं, की तपासनीस परत आला आणि आठवं दारही बदला म्हणाला. आता हे घरी सांगायचं कुणी? आईला वाटलं, लेक सांगेल. लेकीला वाटलं, आई सांगेल. दोघी एकमेकींकडे बघत आठवडा काढत राहिल्या आणि तोवर आठवं जुनं दार बाकीच्या सातांबरोबर मागच्या शेडमध्ये जाऊन उभंही राहिलं.

आठव्या दारावर खोकलीनं सगळ्यात जास्त वेळ घालवला. कारण त्या दाराशी तिचं जुनं नातं होतं. लहानपणी बापाबरोबर जाता येईल अशी वाचनालय ही एकच जागा होती. तिथं लाकूड होतं आणि भुसा नव्हता. गुण्या पेपर वाचायचा आणि ती दारासमोर फरशीवर मांडी घालून बसायची. दाराची प्रत्येक रेघ तिनं डोळ्यांनी गिरवली होती. आणि एक दिवस तिला ती दिसली होती: खाली, कडीपासून वीतभर अंतरावर, पानाच्या आकाराची एक जागा. तिच्या आतली रेघ बाहेरच्या रेघेला मिळत होती, पण अगदी मिळत नव्हती. कुणीतरी तिथं वेगळ्या लाकडाची कपची बसवली होती, आणि अशी बसवली होती, की शोधणाऱ्यालाही दिसू नये. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. बापालाही नाही. तिला ते तिचं गुपित वाटलं होतं.

लोखंडावर काढताना तिनं ती कपचीही काढली.

"इथं जरा चुकलंय का हो?" चिटणीसबाई चष्मा सावरत म्हणाल्या होत्या.

"नाही. ते तसंच आहे."

"मला दिसतंय."

"आता बघा," म्हणून खोकलीनं रेघेवरून कंगव्याचा एक दात हलकेच ओढला. चिटणीसबाई वाकल्या, डोकं इकडून तिकडं केलं, आणि त्यांना ती जागा परत सापडली नाही.

वार्निश

सकाळची वेळ. वाचनालय उघडायचं होतं. खोकली आठव्या दाराशी स्टुलावर बसून वरच्या पट्टीला वार्निशचा शेवटचा हात देत होती. दालनाच्या दुसऱ्या टोकाला पावलं वाजली आणि तिला ती पावलं ओळखू आली.

गुण्या आला होता. खांद्याला हत्यारांची पिशवी. बरोबर त्याचा जुना भागीदार. त्याला सगळे कपाटवाला म्हणत, कारण त्यानं जन्मभर कपाटांशिवाय काही केलं नाही. बाहेर हातगाडी उभी होती. आठवं दारही निघणार, असं पेपर वाचायला येणाऱ्या कुणीतरी गुण्याच्या कानावर घातलं होतं. निघालेलं आहे, हे सांगायचं तो विसरला होता.

"काका, जुनी दारं मागं शेडमध्ये आहेत," पहारेकरी मागून म्हणत होता. "इकडं काही नाही."

"ती सात. माझं इथंय. मी माझं न्यायला आलोय."

"अहो काका, आठ…"

"तू कधीपासून आहेस इथं?"

"दोन वर्षं."

"मी दारं लावली तेव्हापासून आहे." पहारेकरी बाजूला झाला.

गुण्या दालनातून चालू लागला. डावी-उजवीकडे खोकलीची सात दारं. तो त्यांच्याकडे तिरप्या नजरेनं बघत होता, नको असलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं.

"बघ," तो कपाटवाल्याला म्हणाला. "सोंगं आहेत सोंगं. लोखंड लांबूनच कळतं."

"मला तर बाबा कळत नाही," कपाटवाला म्हणाला.

"तू कपाटवाला. तुला काय कळणार." आणि तो आठव्या दारासमोर येऊन थांबला. त्याचा आवाज खाली आला. "आणि हे बघ लाकूड."

खोकली स्टुलावरून उतरली होती. हातातला ब्रश तिनं डब्यावर आडवा ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "जरा थांबा. तुम्हाला एक सांगायचंय."

"हात लावू का याला?"

"नको, वार्निश ओलं आहे. पण बाबा…"

"माझ्या दाराला वार्निश फासलंस? तुला काय अधिकार?"

"बाबा, ऐका तरी."

"तू मध्ये बोलू नकोस. रंगातलं बोल. लाकडातलं तुला काय कळतं?"

खरं तर तिला अजूनही सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य ऐन वेळी तिच्या घशात बसलं, आणि या खेपेला भुशाचा काही संबंध नव्हता. सांगितलं तर बापाचा मान राहील आणि घरी जाऊन तो आणखी दहा वर्षं सोंग म्हणेल. नाही सांगितलं, तर पहारेकऱ्यापुढं, भागीदारापुढं त्याचं हसं होईल, आणि मग तो हात कधीच नाही. तिनं हाताची घडी घातली.

गुण्या रंगात आला होता. ओल्या वार्निशला हात लावणारा तो माणूसच नव्हता, म्हणून तो हात पाठीमागं बांधून बोलत होता.

"ही रेघ बघ. कुठं दाटलीये, कुठं सैल झालीये. याला म्हणतात जिवंत. त्या सात दारांमध्ये सगळ्या रेघा शाळेतल्या पोरांसारख्या ओळीत उभ्या. इथं बघ कशी चाललीये, स्वतःच्या मनानं. ही गाठ. गाठीला वळसा घालताना रेघ दम खाते. हे काढता येत नाही कुणाला. हे झाडच करतं."

"खरंय," कपाटवाला म्हणाला.

"आणि आता तुला एक दाखवतो. आजवर कुणाला दाखवलेलं नाही." त्यानं पिशवीतून छोटा पेचकस काढला. त्याच्या टोकाला लोहचुंबक होता, स्क्रू पडू नयेत म्हणून. "या फळीत किडीचं बीळ होतं. दुसरा असता तर फळी फेकली असती. मी दुसऱ्या फळीतली कपची बसवली, रेघेला रेघ जुळवून. माझ्या सगळ्या कामात मला विचारशील, तर हे एक. कुठं आहे शोध."

कपाटवाल्यानं शोधलं. गुडघ्यांवर बसून शोधलं. "नाही बुवा."

"नाहीच सापडणार. ही बघ, ही इथं…" म्हणत गुण्यानं पेचकसाचं टोक त्या पानाएवढ्या जागेजवळ नेलं.

टक्.

पेचकस दाराला चिकटला.

गुण्यानं तो ओढून काढला. टोकाकडे बघितलं. परत जवळ नेला. टक्. मग वीतभर वर, गाठीवर. टक्. मग अगदी वर, जिथं रेघ स्वतःच्या मनानं चालली होती तिथं.

कपाटवाल्याचं पोट आधी हललं, मग खांदे. त्यानं रुमाल तोंडावर धरला. पहारेकऱ्याला बाहेर काहीतरी काम आठवलं. गुण्या मात्र जागचा हलला नाही. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. वाकला. दाराच्या खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत असं वाचलं, जसं कुणी आपल्याच सहीचा कागद वाचतं.

"ही कपची तुला कुणी दाखवली?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"कुणी नाही."

"तुझ्या आईलाही माहीत नव्हती."

"तुम्ही पेपर वाचायचात. मी इथं बसायचे, फरशीवर."

"किती मोठी होतीस?"

"तुमच्या कमरेएवढी."

मग बोट न टेकवता त्यानं हवेतच दाखवलं. "इथं रेघ मोडलीये."

"तुम्ही मोडली होती. केसभर."

"अर्धा केस."

"बरं. अर्धा."

"तू अर्धाच मोडलीयेस," गुण्या म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. एखादं माप तपासून बरोबर निघावं तसा तो आवाज होता.

मग त्यानं पेचकस पिशवीत टाकला. दारासमोर सरळ उभा राहिला आणि उजवा हात उचलला. खोकलीनं ते पाहिलं आणि ती काचेला नाक लावून उभ्या असलेल्या त्या मुलीसारखी बघत राहिली. तळहात सपाट झाला, पुढं आला, आणि दारापासून बोटभर अंतरावर थबकला. वार्निश ओलं होतं. तिथंच, हवेत, त्यानं तो ठेवला. जरा वेळ. नेहमीपेक्षा जास्तच.

कपाटवाल्याचं हसू विरलं. त्याला तो हात आयुष्यात एकदाच लागला होता, आणि तोही कपाटाला.

"चल," गुण्या त्याला म्हणाला.

"अरे, आणि दार? गाडी आणलीये बाहेर. शेडमधलं तरी न्यायचं ना?"

"राहू दे तिथं. कोरडी जागा आहे."

"मग गाडीवर काय नेऊ?"

"तू बस."

दालनातून परत जाताना गुण्या सातही दारांपाशी थांबला. आता त्याची नजर तिरपी नव्हती. तिसऱ्या दारापाशी त्यानं बोटाचं पेर वाजवलं आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "इथली गाठ घाईत काढलीस."

"हाताखालच्या बाईनं ब्रशनं काढलीये. मी बघते," खोकली ओरडून म्हणाली.

"पोटापाण्याचं काम आहे, कुणाकडूनही काय करून घेतेस." आणि तो पुढं निघाला. बाहेर पडेपर्यंत त्यानं पाठ ताठ ठेवली होती. ती ताठ पाठ लाजेनं नव्हती, हे खोकलीला दिसत होतं. तशी पाठ ठेवून तो एरवी फक्त स्वतःच्या दारांमधून बाहेर पडायचा.

दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात सुतार यायला लागले. पेपर वाचणाऱ्यांना कळेना, हे काय चाललंय. गुण्या एकेकाला घेऊन यायचा; जुने जोडीदार, नवे ठेकेदार, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं असे दोघं. प्रत्येकाला आठव्या दारासमोर उभं करायचा आणि म्हणायचा, "माझं जुनं काम. सांग कसं आहे." ते बघायचे. बिजागऱ्या बघायचे, रेघ बघायचे, मान डोलवायचे. म्हणायचे, असं सागवान आता मिळत नाही. म्हणायचे, आताच्या पोरांना जमायचं नाही. गुण्या त्यांना मनसोक्त बोलू द्यायचा. एकाला तर त्यानं पाऊण तास बोलू दिलं. मग सावकाश पिशवीत हात घालून पेचकस काढायचा.

टक्.

"पोरीनं काढलंय," तो म्हणायचा. आणि सगळ्यांच्या देखत, वाळलेल्या, गार दारावर तळहात ठेवायचा.

चिटणीसबाईंनी शेवटी खोकलीकडे तक्रार केली, की तुमच्या वडिलांमुळं दालनात शांतता राहत नाही. खोकली म्हणाली, मी सांगून बघते, पण ते ऐकणार नाहीत. आणि घरी जाऊन तिनं काहीच सांगितलं नाही.

ती आठ लोखंडी दारं टेम्पोतून उतरली, तेव्हा ती सगळी राखाडी होती, एकावरही रेघ नव्हती.